गोल्फच्या बंकरमधील पाने, काटक्या आणि दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंकर म्हणजे गोल्फ कोर्सवरील वाळूचा खड्डा. पानगळीचे दिवस सुरू झाले की या विषयावरचे प्रश्न वाढतात, मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्यांनी बंकर लाल झाले की पुन्हा येतात, आणि पावसाळ्यात तर माती, गांडुळे आणि मोडलेल्या फांद्या यांच्यामुळे ते थांबतच नाहीत. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे १ जानेवारी २०२३ पासून लागू असलेल्या गोल्फच्या नियमांप्रमाणे आहेत. ‘सर्वसाधारण दंड’ असे म्हटले आहे तेथे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) दोन स्ट्रोक, म्हणजे फटके, वाढणे आणि मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत ठरणाऱ्या खेळात) ते होल गमावणे, असा अर्थ घ्यावा.

१. माझा चेंडू बंकरमध्ये आहे आणि त्याच्या मागेच एक वाळलेले पान आहे. ते उचलले तर चालेल का?

चालेल, आणि त्याला कोणताही दंड नाही. नियम १२.२अ प्रमाणे बंकरमधील चेंडू खेळण्यापूर्वी सुट्या नैसर्गिक वस्तू बाजूला करता येतात. नियमांच्या भाषेत त्यांना लूज इम्पेडिमेंट म्हणतात. आपण या लेखात त्यांना ‘सुटा कचरा’ म्हणू. तो हाताने, पायाने, क्लबने (चेंडू मारायच्या काठीने), टॉवेलने किंवा कोणाची मदत घेऊन काढता येतो. चेंडूच्या मागचा, पुढचा, उभे राहण्याच्या जागेवरचा किंवा झेंड्याच्या दिशेने पडलेला, असा फरक नियम करत नाही. लक्ष फक्त दोन गोष्टींकडे ठेवावे लागते. चेंडू हलता कामा नये (प्रश्न ७) आणि कचरा काढण्याच्या निमित्ताने वाळू नीटनेटकी केली जाऊ नये (प्रश्न ६).

२. आम्हाला तर ‘बंकरमध्ये पानाला हात लावला की दोन स्ट्रोक’ असेच शिकवले होते. ते चूक होते का?

चूक नव्हते, त्या वेळी नियमच तसा होता. २०१८ अखेरपर्यंत बंकर आणि पाण्याचे अडथळे यांना ‘हॅझर्ड’ म्हणत, आणि चेंडू ज्या हॅझर्डमध्ये असेल त्याच हॅझर्डमधील सुट्या कचऱ्याला स्पर्श करणे किंवा तो हलवणे नियम १३-४ ने निषिद्ध होते. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्यासाठी क्लब मागे नेताना, तो नकळत लागला तरी दंड होत असे.

त्याची किंमत नामवंत खेळाडूंनीही मोजली आहे. २००६ च्या विमेन्स ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल लिदमच्या एका बंकरमध्ये मिशेल वी यांचा क्लब बॅकस्विंगमध्ये शेवाळाच्या गुच्छाला लागला आणि दोन स्ट्रोक गेले. २०१० मध्ये हार्बर टाउन येथे जिम फ्युरिक यांच्याविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्याच्या जादा खेळात) ब्रायन डेव्हिस यांचा क्लब मागे जाताना एका सुट्या बोरूच्या काडीला लागला. त्यांनी स्वतः होऊन अधिकाऱ्याला बोलावले, दंड घेतला आणि त्यासोबत स्पर्धाही गेली. पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतले पहिले विजेतेपद समोर असताना केलेला तो प्रामाणिकपणा माझ्या दृष्टीने या खेळातील सर्वांत मोठ्या क्षणांपैकी एक आहे. २०१२ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये किआवा आयलंडवर कार्ल पेटरसन यांना एका पानामुळे हाच दंड झाला. डेव्हिस आणि पेटरसन यांचे चेंडू बंकरमध्ये नव्हते, पाण्याच्या अडथळ्याच्या हद्दीत होते, पण नियम दोन्हीकडे एकच होता.

आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी २०१९ मध्ये नियमांची फेरमांडणी केली, ३४ नियमांचे २४ नियम झाले आणि ही बंदी उठली. त्यापूर्वी खेळ शिकलेल्या अनेकांच्या हाताला मात्र जुनी सवय आहे, आणि ते आजही हक्काने काढता येणारे पान तसेच ठेवून अवघड फटका मारतात.

३. सुट्या कचऱ्यात नेमके काय काय येते?

कशालाही जोडलेली नाही अशी कोणतीही नैसर्गिक वस्तू त्यात येते: दगड, पाने, पाकळ्या, शेंगा, काटक्या, तुटलेले गवत, मेलेले प्राणी, जनावरांची विष्ठा, सहज बाजूला करता येतील असे किडे आणि गांडुळे, त्यांनी वर आणून टाकलेली माती, मुंग्यांची वारुळे, तसेच घट्ट झालेल्या मातीची ढेकळे. कोळ्याचे जाळे एखाद्या वस्तूला चिकटलेले असले तरी सुटाच कचरा मानले जाते. झाडावरून पडलेले फळ, मग ते अर्धे खाल्लेले का असेना, आणि सोलून टाकलेली साल याच वर्गात येते, आणि ते झाड कोर्सवर असलेच पाहिजे अशीही अट नाही. कोणी केळे खाऊन साल बंकरमध्ये टाकली असेल तर ती सुटा कचरा आहे, पण त्याच माणसाने टाकलेला बिस्किटाचा कागद कृत्रिम वस्तू असल्याने त्याला वेगळा नियम लागतो (प्रश्न ८).

आकाराची मर्यादा नाही. नारळाची अख्खी झावळी बंकरमध्ये पडली असेल तर ती चार जणांनी मिळून ओढून काढता येते, किंवा आड येणारा तेवढाच भाग मोडून बाजूला करता येतो. मात्र फांदी झाडापासून पूर्ण सुटलेली नसेल, सालीच्या धाग्याने का होईना लटकलेली असेल, तर ती सुटा कचरा नाही आणि ती मोडता येत नाही.

४. वाळूचा ओला गोळा हे ढेकूळ समजून उचलता येते का?

नाही. येथे बरेच जण फसतात. मातीचे घट्ट ढेकूळ हा सुटा कचरा आहे, पण वाळू आणि भुसभुशीत माती हा कचरा नाही. पावसानंतर वाळूचे गोळे बनतात आणि ते दिसायला ढेकळासारखेच असतात, तरी ती वाळूच राहते. ती उचलली, दाबली किंवा पसरवली आणि त्यामुळे फटक्याची परिस्थिती सुधारली, तर नियम ८.१ प्रमाणे सर्वसाधारण दंड होतो. दव, दहिवर आणि पाणी हेही सुट्या कचऱ्यात मोडत नाही.

५. दगड अर्धा वाळूत पुरलेला आहे. तो उपटता येईल का?

सहज निघत असेल तर येईल. जमिनीत घट्ट रुतलेली, सहज उचलता न येणारी वस्तू सुटी मानली जात नाही, आणि ‘सहज’ हीच येथली कसोटी आहे. बोटांनी हलवून पाहावे. किंचित डुगडुगला आणि वर आला तर तो सुटा, पण उकरून, टेकू लावून काढावा लागणार असेल तर तो तसाच सोडावा. दगड किती मोठा आहे याचा येथे संबंध नाही. १९९९ च्या फिनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्स यांच्या चेंडूपुढे प्रचंड मोठा खडक होता. अधिकाऱ्याने तो रुतलेला नाही असा निर्णय दिल्यावर प्रेक्षकांनी मिळून तो ढकलून बाजूला केला. तो बंकर नव्हता, पण आज बंकरमध्ये असा खडक सापडला तर उत्तर तेच राहील.

आपल्याकडे वाळूखाली खडी किंवा मूळ असण्याची भीती असते आणि मनगटाला इजा होऊ शकते. अशा वेळी चेंडूच्या आसपास टी (होलचा पहिला फटका मारताना चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खुपसून खाली काही आहे का हे पाहता येते, त्याला दंड नाही. ती टी वाळू किती मऊ किंवा किती खोल आहे हे अजमावण्यासाठी खुपसली, तर मात्र तो वाळूची परीक्षा घेण्याचा भंग होतो.

६. पान उचलताना वाळू हलणारच. मग दंड कसा टाळायचा?

तेवढी हालचाल नियमाने गृहीत धरलेली आहे. वस्तू काढताना वाजवी स्पर्श झाला, थोडी वाळू सरकली आणि त्यामुळे चेंडूची स्थिती सुधारली, तरी दंड नाही. प्रश्न वाजवीपणाचा आहे. चेंडूच्या मागे वाळूचा छोटा उंचवटा आहे आणि त्यावर काटकी पडली आहे, असे समजा. ती दोन बोटांत धरून सरळ वर उचलली आणि चार कण घरंगळले, तर ठीक आहे. तीच काटकी उंचवट्यावरून आडवी ओढत नेली आणि उंचवटा सपाट झाला, तर सर्वसाधारण दंड होतो, कारण कमी हालचालीची पद्धत उपलब्ध होती. पानांचा थर असेल तेव्हा तळव्याने सारवल्यासारखा हात फिरवू नये. पाने चिमटीने उचलावीत. वेळ थोडा जास्त जातो, पण सोबतच्या खेळाडूंच्या मनात शंका राहत नाही.

७. मी काटकी काढली आणि चेंडू हलला. आता काय?

एक स्ट्रोक दंड घ्यावा आणि चेंडू मूळ जागी ठेवावा. टी-एरिया (होल सुरू करण्याची जागा) आणि ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा) सोडून कोर्सवर सगळीकडे हाच नियम आहे. मूळ जागा नक्की माहीत नसेल तर अंदाजाने ठरवावी, आणि वाळूतील चेंडूची बैठक बिघडली असेल तर ती शक्य तितकी पूर्वीसारखी करावी. चेंडू मूळ जागी न ठेवता नव्या जागेवरून खेळल्यास सर्वसाधारण दंड लागतो.

‘हलणे’ याचा अर्थ मूळ जागा सोडून दुसऱ्या जागी थांबणे, आणि तेही नुसत्या डोळ्यांना दिसेल इतके. चेंडू डळमळला आणि परत जागच्या जागी बसला, तर तो हलला नाही. चेंडू तुमच्यामुळेच हलला हे निश्चित असावे किंवा तशी किमान ९५ टक्के शक्यता असावी. तसे नसेल तर तो वाऱ्यासारख्या नैसर्गिक कारणाने हलला असे धरले जाते.

माझ्या स्वतःच्या हातून हे घडले आहे. गुलमोहराची हातभर लांब, वाळून लाकडासारखी झालेली शेंग बंकरच्या उतारावर आडवी पडली होती आणि चेंडू वरच्या बाजूने तिला टेकला होता. शेंगेच्या आत बिया खुळखुळत होत्या, इतकी ती सुटी होती. मी ती दोन्ही हातांनी अगदी सावकाश वर उचलली, आणि आधार जाताच चेंडू चार बोटे खाली घरंगळला. एक स्ट्रोक गेला, चेंडू उतारावर परत ठेवावा लागला, आणि तो तेथे टेकवून थांबवायला शेंग उचलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेंग चेंडूला स्पर्श करत होती हे दिसत असतानाही मी ती का उचलली, याचे कारण एवढेच की उचलता येते हे मला माहीत होते. परवानगी असणे आणि तसे करणे शहाणपणाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेचे चेंडूपासून दूरचे टोक मोडले असते, तर क्लबला वाट मिळाली असती आणि आधारही राहिला असता.

८. मग बंकरमधील रेक (वाळू सारखी करायचा दाताळे) काढताना चेंडू हलला, तर तोच दंड का?

नाही, दंड नाही. चेंडू फक्त मूळ जागी ठेवावा. रेक, कागद, बाटलीचे झाकण, सिगारेटचे थोटूक, तुटलेली टी या माणसाने बनवलेल्या आणि हलवता येणाऱ्या वस्तू आहेत, आणि त्यांना नियम १५.२ लागू होतो. चेंडूला एका बाजूने काटकी आणि दुसऱ्या बाजूने रेक टेकलेला असेल, तर आधी काय उचलले आणि चेंडू कशामुळे हलला याला फार महत्त्व येते, म्हणून दोन्ही एकदम उचलू नयेत.

९. बॅकस्विंगमध्ये क्लब पानाला लागला तर?

आता दंड नाही. निषिद्ध आहे ते वाळूला स्पर्श करणे: चेंडूच्या लगेच पुढे किंवा मागे क्लब टेकवणे, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला लावणे आणि प्रत्यक्ष फटक्याच्या बॅकस्विंगमध्ये लावणे. पान उडाले आणि क्लब वाळूला लागला नाही, तर निर्धास्तपणे खेळावे. पान वाळूला चिकटून असेल, तर क्लब दोन्हींना लागण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा ते आधीच काढणे बरे.

१०. बंकर पानांनी भरला आहे आणि चेंडू दिसतच नाही. पाने चाळता येतील का?

येतील, आणि शोधासाठी वाजवी प्रमाणात वाळूही हलवता येईल. शोधताना चेंडू चुकून हलला तर प्रश्न ७ मधील एक स्ट्रोकचा दंड लागत नाही. चेंडू मूळ जागी, किंवा ती माहीत नसल्यास अंदाजाने ठरवलेल्या जागी ठेवावा. वाळूतील बैठक बिघडली असेल तर ती पुन्हा तशीच तयार करणे बंधनकारक आहे. चेंडू वाळूने पूर्ण झाकला गेला असेल तर त्याचा थोडा भाग दिसता ठेवण्याची मुभा आहे. बैठक तशी न करता फटका मारला तर सर्वसाधारण दंड होतो. शोधासाठी तीन मिनिटे मिळतात. चेंडू सापडला की शोध संपला, आणि त्यानंतर पाने काढताना तो हलला तर प्रश्न ७ लागू होतो.

११. चेंडू पानांच्या थरावर अधांतरी आहे आणि वाळूला लागलेला नाही. तो बंकरमध्ये धरायचा का?

होय. बंकरमधील वाळूवर पडलेल्या सुट्या कचऱ्यावर चेंडू असेल तर तो बंकरमध्येच आहे. पण बंकरच्या आत उगवलेल्या गवतावर असेल आणि वाळूला कुठेही स्पर्श करत नसेल, तर तो बंकरमध्ये नाही. बंकरची गवताची किंवा मातीची भिंतही बंकरचा भाग नाही.

१२. दुसऱ्या खेळाडूने सांगितले म्हणून मी चेंडूच्या जागी खूण ठेवून (मार्क करून) तो उचलला. तो हातात असताना त्याला टेकलेली काटकी काढून टाकता येईल का?

येणार नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने नेमकी पळवाट हेरली आहे. चेंडू जागेवर असता तर जी वस्तू काढल्याने तो बहुधा हलला असता, ती वस्तू चेंडू उचललेला असताना मुद्दाम काढली तर एक स्ट्रोक दंड होतो. काढलेली काटकी परत ठेवावी लागत नाही. चेंडू उचलताना ती चुकून सरकली तर दंड नाही. चेंडूपासून दूरची पाने मात्र याही वेळी काढता येतात. ग्रीनवर ही बंदी नाही.

१३. ओले पान चेंडूलाच चिकटले आहे. पुसून टाकू का?

नको. चेंडूला चिकटलेली वस्तू सुटा कचरा राहत नाही. एखाद्या नियमाने चेंडू उचलायची आणि पुसायची परवानगी मिळाली, तरच ती निघेल. जिवंत किडा याला अपवाद आहे. तो चेंडूवर बसला असेल तर कधीच ‘चिकटलेला’ मानला जात नाही, त्याला काढता येते. मेलेला डास चेंडूला चिकटला असेल तर तो तसाच राहील.

१४. बंकरमध्ये मुंग्यांचे वारूळ आहे, किंवा जवळ मधमाश्या आहेत. तरीही तेथूनच खेळायचे का?

साधे वारूळ सुटा कचरा म्हणून बाजूला करता येते. पण डसणाऱ्या मुंग्या, मधमाश्या किंवा साप असा खरा धोका असेल, तर नियम १६.२ प्रमाणे बंकरच्या आतच धोका नसलेल्या जवळच्या जागेनुसार विनादंड ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू उचलून तेथे हातातून खाली सोडता येतो. खाजऱ्या वनस्पती यात येत नाहीत.

१५. माळ्यांनी पाने झाडून बंकरच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवला आहे. चेंडू त्यात गेला. ढीग उपसायचा का?

उपसता येतो, पण तसे करण्याची गरज नाही. नंतर उचलून नेण्यासाठी कर्मचाऱ्यांनी रचलेला पालापाचोळा हा सुटा कचरा तर असतोच, शिवाय तो आपोआप ‘ग्राउंड अंडर रिपेअर’ही (दुरुस्तीखालील, विनादंड सवलतीची जागा) ठरतो, त्यासाठी चुन्याची रेघ लागत नाही. त्यामुळे बंकरच्या आत, होलच्या जवळ न जाता, ढिगाचा अडसर पूर्ण टळेल अशी सर्वांत जवळची जागा ठरवून विनादंड ड्रॉप घेता येतो. एक स्ट्रोक दंड घेऊन बंकरच्या बाहेर, झेंडा आणि चेंडू यांच्या रेषेत मागे ड्रॉप करण्याचाही पर्याय आहे. वाऱ्याने जमलेला ढीग किंवा तेथेच कुजण्यासाठी सोडलेला ढीग मात्र यात बसत नाही. क्लबच्या समितीने तो भाग घोषित केला असेल तरच सवलत मिळते. कोणता ढीग कोणता हे बाहेरून कळत नाही, म्हणून पानगळीत समितीने फलकावर एक ओळ लिहावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

१६. शेजारच्या खेळाडूच्या फटक्याने माझ्या चेंडूवर वाळू आणि गवताचा ठोकळा येऊन पडला. आता?

गवताचा ठोकळा सुटा कचरा म्हणून काढता येतोच. वाळू एरवी काढता येत नाही (प्रश्न ४), पण येथे दुसऱ्या व्यक्तीमुळे तुमची स्थिती बिघडली आहे, म्हणून नियम ८.१ड प्रमाणे ती विनादंड पूर्ववत करता येते. वाऱ्याने वाळू आणून टाकली असती तर हा हक्क मिळाला नसता.

१७. चेंडू पानावर होता, वारा आला आणि पानासकट चेंडू सरकला. परत ठेवायचा का?

नाही. नैसर्गिक कारणाने हलला असल्याने दंड नाही आणि नव्या जागेवरूनच खेळावे. तो चुकून जुन्या जागी ठेवून खेळला, तर उलट चुकीच्या जागेवरून खेळल्याचा दंड लागेल.

१८. ‘वेस्ट एरिया’मध्ये वाळू आहे. तेथे क्लब टेकवता येतो ना?

येतो, कारण तो बंकर नसून सर्वसाधारण क्षेत्र आहे. पण वाळू तेथेही सुटा कचरा होत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये बहामा येथील हिरो वर्ल्ड चॅलेंजमध्ये पॅट्रिक रीड यांनी अशाच जागी सरावाच्या स्विंगमध्ये चेंडूमागची वाळू सरकवली आणि दोन स्ट्रोक दंड झाला. पाने काढावीत, वाळूला हात लावू नये, हे तेथेही लागू आहे.

१९. माझा फटका बंकरच्या कडेला लागून चेंडू परत माझ्याकडे घरंगळत होता. कॅडीने (माझे क्लब वाहणाऱ्या मदतनिसाने) वाटेतली काटकी उचलली. दंड आहे का?

चेंडू कुठे थांबावा यावर परिणाम व्हावा म्हणून ती उचलली असेल, तर नियम ११.३ प्रमाणे सर्वसाधारण दंड आहे, आणि कॅडीच्या कृतीची जबाबदारी तुमची आहे. चेंडू प्रत्यक्षात तेथपर्यंत पोहोचला की नाही याने फरक पडत नाही. वाटेत रेक असता तर तो उचलता आला असता, कारण चालत्या चेंडूच्या वाटेतून हलवता येण्याजोग्या कृत्रिम वस्तू काढण्याची सूट आहे. चेंडू पूर्ण थांबला की तीच काटकी पुन्हा प्रश्न १ प्रमाणे विनादंड उचलता येते.